चीनच्या भिंतीवर पाच दिवसांचा सामूहिक ट्रेक: ठाण्याहून १४ जणांचा गट न्यावा का?

येऊरवारी, ठाणे पश्चिम

नमस्कार. आमचा १४ जणांचा गट गेली आठ वर्षे दर रविवारी सकाळी येऊरला चालायला जातो आणि पावसाळा सरला की महिन्याकाठी एखादा गड करतो. गटातील सर्वांत धाकटा सदस्य ३४ वर्षांचा आहे, तर सर्वांत ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते ६३ वर्षांचे असून चढाला आमच्यापैकी निम्म्यांना मागे टाकतात. यंदा गणेशोत्सव आटोपला की चीनच्या भिंतीवर पाच दिवस चालायचे, असा बेत शिजत आहे. गांधी जयंतीची सुट्टी जोडून घेता यावी म्हणून २७ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या तारखा मनात धरल्या आहेत.

एका सहल आयोजकाने आम्हाला जे पत्रक दिले आहे, त्यात बीजिंगच्या उत्तरेकडील भिंतीच्या ज्यानकोउ या भागातून निघून सिमाताई या भागापर्यंत पाचही दिवस सलग भिंतीवरूनच चालायचे आणि त्यांपैकी दोन रात्री टेहळणीच्या बुरुजांत तंबू लावून मुक्काम करायचा, असे लिहिले आहे. (सिमाताई हे ठिकाणाचे नाव वाचल्यावर आमच्या इमारतीतील सीमाताईंना त्या पानाचे छायाचित्र किती जणांनी पाठवले असेल, ते आपण ओळखालच.) वाचायला हे सारे फार सुंदर वाटते, परंतु पैसे भरण्यापूर्वी, जे स्वतः त्या भिंतीवर चालून आले आहेत, त्यांच्याकडून खातरजमा करून घ्यावी असे वाटले.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. गेल्या हिवाळ्यात खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगड करताना आमच्या पुढच्या आणि मागच्या माणसांत दीड तासाचे अंतर पडले. पुढचे टोलार खिंडीत बसून वैतागले आणि मागचे धापा टाकत वर येऊन त्यांच्यावर चिडले. हे आपल्या सह्याद्रीत खपून जाते; परक्या देशात, जिथे पाटीवरचे अक्षरही वाचता येत नाही, तिथे हे कसे निभावणार? शिवाय एका सदस्येच्या गुडघ्यावर दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली आहे. डॉक्टरांनी त्यांना चालण्याची मोकळीक दिली आहे, पण उतरताना त्या अजूनही हात धरतात. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.


पामबीचकर, नेरुळ

आम्ही सहा जण २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गुबेइकोउ आणि जिनशानलिंग या भागांत चार दिवस चाललो होतो, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या पत्रकातील कार्यक्रम लिहिल्याप्रमाणे पार पडणे शक्य नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

आपण ज्याला चीनची भिंत म्हणतो ती एक सलग भिंत नाही. २०१२ साली जाहीर झालेल्या चिनी सर्वेक्षणात निरनिराळ्या राजवटींच्या सर्व भिंती, खंदक आणि नैसर्गिक अडसर धरून एकूण लांबी २१,१९६ किलोमीटर भरली. त्यातला मिंग राजवटीचा वाटा सुमारे ८,८५० किलोमीटरांचा आहे. बीजिंगच्या उत्तरेला डोंगरधारेवरून गेलेली जी भिंत आपण छायाचित्रांत पाहतो, ती बहुतांशी मिंगकालीन, म्हणजे १३६८ ते १६४४ या काळातील आहे. ती काही ठिकाणी डागडुजी करून पर्यटकांसाठी उघडलेली आहे, काही ठिकाणी ढासळून निव्वळ दगडांचा ढीग उरला आहे, आणि काही ठिकाणी शाबूत असूनही बंद आहे. ज्यानकोउपासून सिमाताईपर्यंत पाच दिवस पाय भिंतीवरून खाली न ठेवता जाता येईल, अशी तिची अवस्थाच नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. भिंतीच्या संरक्षणासाठी चीनने केलेले नियम १ डिसेंबर २००६ पासून लागू आहेत, आणि पर्यटनासाठी न उघडलेल्या भागावर सहली नेण्यास त्यांत मनाई आहे. ज्यानकोउचा सुप्रसिद्ध भाग नेमका याच प्रकारात मोडतो. एकटादुकटा स्थानिक माणूस तिथे चढलेला दिसतो हे खरे, पण १४ परदेशी माणसांचा, पाठीवर पिशव्या घेतलेला गट कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही? बुरुजातील मुक्कामाबद्दलही हेच म्हणता येईल. साडेचारशे वर्षांच्या विटांवर चूल पेटवणे मला तरी पटत नाही. आपल्याकडे गडावरच्या देवळात कोणी शेकोटी केली तर आपणच आरडाओरडा करतो.

तिसरी अडचण अशी की नकाशावर जिनशानलिंग आणि सिमाताई हे भाग एकमेकांना लागून असले आणि पूर्वी लोक एका दिवसात एकाकडून दुसरीकडे चालत जात असले, तरी सिमाताईचा भाग २०१० मध्ये कामासाठी बंद झाला, २०१४ मध्ये पायथ्याच्या नव्या पर्यटन-गावासह पुन्हा उघडला, आणि तेव्हापासून तो मधला रस्ता मिटला. आता जिनशानलिंगवरून खाली उतरून, गाडीने फिरून, वेगळे तिकीट काढून सिमाताईला जावे लागते आणि तिथेही मोजकेच बुरूज पाहता येतात. गुबेइकोउहून जिनशानलिंगकडे जातानाही मधे लष्करी हद्द लागते. तिथे भिंत सोडून खाली दरीत उतरायचे, शेतांतून वळसा घालायचा आणि पुढे पुन्हा भिंतीवर चढायचे. आम्हाला तो वळसाच अधिक आवडला. मक्याची कापणी झालेली होती, कणसे घरांच्या छपरांवर वाळत टाकलेली होती आणि एका आजींनी आम्हाला पाणी विचारले.

तेव्हा माझा सल्ला असा की सलग चालण्याचा हट्ट सोडून द्यावा, गुबेइकोउच्या परिसरातील एखाद्या गावात घरगुती मुक्कामाच्या जागी तीन रात्री तळ ठोकावा आणि रोज एकेक भाग फक्त दिवसाचे सामान घेऊन चालावा. पाठीवर ओझे नसले की त्या पायऱ्या निम्म्या सोप्या होतात. मुतियान्यू हा पर्यटकांचा भाग मात्र वगळला तरी चालेल. तिथे रज्जुमार्ग आहेत, दुकाने आहेत आणि गर्दी आहे.

तारखांबद्दल सांगायलाच हवे. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन असून त्याला जोडून आठवडाभर सुट्टी असते. आपल्या गांधी जयंतीच्या मुहूर्तावर आपण तिथे पोहोचलात तर भिंतीपेक्षा माणसांच्याच डोक्यांचे दर्शन अधिक घडेल.

आता आमची फजिती. जिनशानलिंगला प्रवेशद्वारे एकाहून अधिक आहेत, आणि ती एकमेकांपासून चांगलीच दूर आहेत. आम्ही गाडीवाल्याला सकाळी हातवारे करून सांगितले की संध्याकाळी इथेच ये; तो मान डोलावून गेला. दिवसभर पूर्वेकडे चालत आम्ही पूर्वेच्या दाराने खाली उतरलो, आणि तो बिचारा मुख्य दाराशी थांबलेला. आमच्या फोनमध्ये स्थानिक सिम होते, त्यावर व्हॉट्सॲप चालत नव्हते आणि गूगलचा नकाशाही उघडत नव्हता. अंधार पडला, थंडी वाढली, आणि तिकीट-खिडकीतल्या मुलीने स्वतःच्या फोनवरून त्याला शोधून काढेपर्यंत आमच्यापैकी दोघांचे अबोले सुरू झाले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ठाण्याच्या हिशेबाने वेळ काढू नका.


पायऱ्या मोजणारी, पाचपाखाडी

पामबीचकर यांनी मार्गाचे सांगितले, मी शरीराचे सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतःही ट्रेक करते.

उंचीची चिंता कोणी करू नये. जिनशानलिंगचा माथा सुमारे ७०० मीटरांवर आहे, म्हणजे १,६४६ मीटरांच्या कळसूबाईच्या निम्म्याहून कमी. विरळ हवेचा त्रास तिथे होत नाही. त्रास होतो तो पायऱ्यांचा, आणि त्यातही उतरण्याचा. ही भिंत डोंगराच्या धारेवरून जशी धार जाईल तशी वरखाली जाते. त्यामुळे एखादा गड चढून माथ्यावर पोहोचलो की बराच वेळ सपाटीवर फिरता येते, तसे इथे होत नाही. एका बुरुजावर चढायचे, लगेच खिंडीत उतरायचे, पुन्हा पुढच्या बुरुजावर चढायचे, असे दिवसभर चालते. पायऱ्याही एकसारख्या नसतात. एक पायरी चार बोटांची, तर तिच्या पुढची थेट गुडघ्यापर्यंत येणारी, आणि मधल्या एखादीची वीट निसटलेली. पायाला लय सापडत नाही म्हणून माणूस लवकर थकतो.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, आणि गुडघ्याच्या वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. अशा कामानंतरचे दुखणे त्याच दिवशी येत नाही. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी चढते. म्हणून गटाच्या ट्रेकमध्ये भांडणे बहुधा तिसऱ्या दिवशी होतात, असे माझे निरीक्षण आहे, आणि त्याचा दोष स्वभावाला न देता मांड्यांना द्यावा. तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सर्वांत हलका ठेवा.

येऊरचा चढ दमसास वाढवायला उत्तम आहे, पण त्याचा उतार सौम्य असल्याने या कामाला तो पुरणार नाही. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी याची सोय आहे: इमारतीचा जिना. पहिले तीन आठवडे २० मजले चढा आणि लिफ्टने खाली या. चौथ्या आठवड्यापासून चालत खाली या, आधी एकदा, मग दोनदा, मग तीनदा. पाऊल टाकताना धप्प करून सोडू नका. टाच टेकेपर्यंत भार मागच्याच पायावर राहू द्या. महिन्यातून दोन रविवार मुंब्रादेवीच्या पायऱ्या करा. प्रयाणाच्या दोन आठवडे आधी भरपूर उतरण असलेला एक मोठा ट्रेक करून घ्या, कारण एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने तितका दुखत नाही. त्यानंतर मात्र विश्रांतीच.

शस्त्रक्रिया झालेल्या ताईंनी आपल्या शल्यविशारदांना नेमका प्रश्न विचारावा: "चालू का?" असे न विचारता "सलग तीन दिवस, दिवसाला शेकडो उंच पायऱ्या उतरू का?" असे विचारावे. उत्तर वेगळे येऊ शकते. घरी करून पाहण्यासारखी एक चाचणी आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून, शस्त्रक्रिया झालेल्या पायावर भार ठेवून, दुसरे पाऊल अगदी सावकाश खाली टेकवावे आणि समोर कोणाला तरी बसवून गुडघ्याकडे पाहायला सांगावे. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल किंवा थरथरत असेल, तर अजून तयारी व्हायची आहे.

गुडघ्याला आधार म्हणून काठ्या जरूर घ्याव्यात, पण त्यांच्या टोकांना रबरी टोप्या लावूनच. लोखंडी टोक विटेवरून सटकते आणि विटेचे टवकेही काढते.


चिलखती बुरूज, वाशी

पामबीचकर यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, मात्र मुतियान्यू वगळण्याच्या सल्ल्याशी नाही. सहा सरावलेल्या माणसांसाठी तो बरोबर असेल. १४ जणांच्या, ३४ ते ६३ वयाच्या गटासाठी तो मला चुकीचा वाटतो. मुतियान्यूचे २३ बुरूज डागडुजी केलेले आहेत, एक रज्जुमार्ग १४ व्या बुरुजापाशी पोहोचतो आणि उघडा पाळणा सहाव्यापाशी. याचा अर्थ असा की ज्याला जिथे पुरे वाटेल, तिथून त्याला सुखरूप खाली पाठवता येते. पहिल्या दिवशी कोण कसा उतरतो, हे गटप्रमुखाला तिथे कळते, आणि ते कळल्यावरच गुबेइकोउच्या मोडक्या भिंतीवर कोणाला न्यायचे हे ठरवता येते. गर्दी टाळायची असेल तर सकाळी दार उघडताच आत शिरावे आणि दुकानांकडे पाठ करून चालू लागावे.

गुबेइकोउबद्दल एक सावधगिरी. तिथली भिंत जाणूनबुजून दुरुस्त केलेली नाही. भिंतीच्या माथ्यावर झुडपे माजली आहेत, काही ठिकाणी त्यांच्यामधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी पायवाट उरते आणि कठडा दोन्हीकडून गेलेला असतो. १९३३ साली जपानी सैन्याशी तिथे मोठी लढाई झाली. बुरुजांना पडलेली काही भगदाडे त्या तोफांची आहेत. त्याच परिसरात सहाव्या शतकातील उत्तर छी राजवटीच्या भिंतीचे अवशेषही आहेत, तेव्हा ज्यांना खरोखर प्राचीन काही पाहायचे आहे, त्यांनी पाय तिथे रेंगाळू द्यावा. कोणता भाग सध्या उघडा आहे, हे निघण्याच्या आठवड्यात गावातील यजमानांकडून विचारून घ्यावे, कारण तिथले नियम बदलत असतात.

आता थोडे गडप्रेमी म्हणून. जिनशानलिंगचा साडेदहा किलोमीटरांचा भाग छी जिग्वांग या सेनापतीच्या देखरेखीखाली उभा राहिला. हा माणूस आधी दक्षिणेकडील किनाऱ्यावर समुद्री लुटारूंशी लढून नावाजला आणि १५६८ च्या सुमारास त्याला उत्तर सीमेवर आणले गेले. जुन्या भिंतीवर पहारेकऱ्यांना ऊन-पावसात उघड्यावर उभे राहावे लागे. त्याने आतून पोकळ, दोन-तीन मजली बुरूज बांधवले, ज्यांत शिपाई राहू शकत, दाणागोटा आणि दारूगोळा साठवू शकत आणि खिडक्यांतून बाण सोडू शकत. असे हजाराहून अधिक बुरूज त्याच्या काळात झाले. आपण दमून ज्या कमानीच्या गारव्यात पाठ टेकाल, ती कमान अशा एखाद्या बुरुजाचीच असेल.

बुरुजाकडे चढणाऱ्या उभ्या पायऱ्यांवर एक गोष्ट आवर्जून पाहा. पायऱ्यांच्या अर्ध्या रुंदीत, छातीएवढ्या उंचीच्या आडव्या भिंतींची एकामागून एक रांग दिसते, आणि प्रत्येकीत नेम धरायला भोके ठेवलेली असतात. शत्रू भिंतीवर चढून आलाच, तर बुरुजातले शिपाई एकेका आडव्या भिंतीमागून लढत मागे सरकू शकत. मला ते पाहून राजगडाच्या संजीवनी माचीची आठवण झाली. तिथेही डोंगराच्या अरुंद धारेवरून तट गेलेला आहे, तोही दुहेरी, आणि दोन तटांमधल्या चिंचोळ्या जागेत शिरलेला शत्रू वरच्यांच्या हातात सापडावा अशी योजना आहे. फरक इतकाच की आपल्याकडे जिथे कातळकडा तुटलेला आहे तिथे तट बांधण्याचा खर्च सहसा करत नाहीत. सह्याद्रीने ते काम आधीच केलेले असते. चिनी मंडळींनी मात्र माकडही चढणार नाही अशा सुळक्यावरूनही भिंत नेली आहे.

विटांच्या सांध्यांतला पांढरा चुना जवळून पाहा, पण नखाने खरवडू नका. मिंग काळातील बांधकामांत चुन्यामध्ये चिकट तांदळाची पेज मिसळत असत. तांदळातील पिष्टामुळे चुन्याचे स्फटिक बारीक आणि घट्ट जमतात, म्हणून तो सांधा इतकी शतके टिकून आहे. आपल्या गडांवरची चुन्याची घाणी पाहिलेल्या माणसाला त्या सांध्याशी पाच मिनिटे थांबावेसे वाटेलच. काही विटांवर ती कोणत्या वर्षी, कोणत्या पलटणीने भाजली याची अक्षरे उमटवलेली आहेत. कामात खोट निघाली तर कोणाला धरायचे, हे लगेच कळावे हा त्यामागचा व्यवहार.

रंगीत तालीम म्हणून राजगड ते तोरणा हा दोन दिवसांचा ट्रेक करा. संजीवनी माचीच्या तटावरून आळू दरवाजाने उतरून धारेवरून तोरण्याकडे जाताना आपल्या गटाची लय कशी आहे, हे स्वच्छ दिसेल. ज्यांना त्यात आनंद वाटला नाही, त्यांना चीनमध्येही वाटणार नाही.


येऊरवारी, ठाणे पश्चिम

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी आमच्या गटापुढे वाचून दाखवली. संबंधित आयोजकाला नियमांबद्दल लेखी विचारले असता, "तिकडे कोणी बघत नाही, साहेब, तुम्ही फक्त फोटो टाकू नका" असे उत्तर आले. तो विषय तिथेच संपवला आहे.

तारखाही बदलल्या. सप्टेंबरच्या मध्यावर गणपती सोडून कोणी येणार नाही, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनची सुट्टी, आणि त्यानंतर नवरात्रात आमच्यापैकी चौघी नऊ दिवसांचे उपवास करतात. म्हणून दसरा झाल्यावर आणि दिवाळीच्या फराळाला सुरुवात होण्याच्या आधी, असा ऑक्टोबरच्या उत्तरार्धातला आठवडा पक्का केला. तेव्हा थंडी कितपत असते आणि शाकाहारी मंडळींचे कसे होते, एवढे कोणी सांगाल का? पुढच्या-मागच्यांच्या अंतराचा प्रश्नही अजून सुटलेला नाही.


पामबीचकर, नेरुळ

दुपारी उन्हात शर्ट पुरतो, पण डोंगरात पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो आणि धारेवर वारा सुटला की कान दुखतात. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे पातळ जाकीट दिवसाही पिशवीत असू द्या. भिंतीवर पाण्याचे टाके किंवा झरा मिळेल, या भरवशावर राहू नका. माणशी अडीच-तीन लिटर पाणी बरोबर हवे.

शाकाहाराबद्दल: तिथे भाज्या विपुल असतात, अडचण त्या कशात परतल्या याची असते, कारण खेड्यांत डुकराची चरबी सर्रास वापरली जाते. "मांस नको" एवढेच सांगितले तर मांसाचे तुकडे वेचून काढलेली भाजी समोर येते. "वो छी सू", म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ करा आणि अंडी, मासे, चरबी काहीही चालत नाही, हे चिनी लिपीत छापलेले कार्ड जवळ ठेवा. बटाट्याचा कीस, तोफू आणि वाफवलेल्या पोळपाटाएवढ्या पावांवर आमचे चार दिवस सुखात गेले. घरून भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्या. ताजी फळे आणि दूध-लोण्याचे पदार्थ मात्र नेऊ नका, विमानतळावर ते काढून घेतात.

मुतियान्यूबद्दल वाशीकरांचे म्हणणे मी मान्य करतो. आमचा गट लहान होता, हे मी विसरलो होतो.


पायऱ्या मोजणारी, पाचपाखाडी

अंतराच्या प्रश्नावर आमच्या गटात जो उपाय चालला, तो सांगते. सर्वांत सावकाश उतरणाऱ्या व्यक्तीला पुढून तिसऱ्या जागी चालवायचे. पुढे चालणाऱ्याच्या कानावर तिचा श्वास पडत राहतो आणि वेग आपोआप आवरला जातो. तिला सर्वांत मागे ठेवले की ती दमलेली पोहोचते, आणि ती पोहोचताच विश्रांती घेतलेले बाकीचे उठून निघतात. म्हणजे जिला विश्रांतीची सर्वाधिक गरज, तिलाच ती मिळत नाही. पिछाडीला मात्र सर्वांत दमदार आणि सर्वांत कमी बोलणारा माणूस हवा.

भिंतीवर याची एक सोय आहे. वाट चुकण्याचा प्रश्न नाही आणि दर काही मिनिटांनी बुरूज लागतो. दर दुसऱ्या बुरुजावर सर्वांनी एकत्र यायचे, माणसे मोजायची आणि शेवटचा आल्यावर पाच मिनिटांनीच उठायचे, असा नियम ठाण्यातच सर्वांकडून कबूल करून घ्या. १४ चे सात-सात करून प्रत्येक तुकडीला स्वतःचा प्रमुख दिलात, तर आणखी बरे.


येऊरवारी, ठाणे पश्चिम

ठरले ते असे. पहिला दिवस मुतियान्यू, दुसरा दिवस गुबेइकोउचा जेवढा भाग उघडा असेल तेवढा, तिसऱ्या दिवशी सकाळी आराम आणि संध्याकाळी सिमाताईचे मोजके बुरूज, चौथा दिवस जिनशानलिंग, आणि पाचवा दिवस पावसासाठी किंवा गुडघ्यांसाठी राखीव. बुरुजातला मुक्काम रद्द, ज्यानकोउ रद्द. शस्त्रक्रिया झालेल्या ताईंनी डॉक्टरांना आपण सुचवलेला प्रश्न विचारला; त्यांनी तीन महिन्यांच्या व्यायामानंतर पुन्हा दाखवायला सांगितले आहे. तोवर त्यांचे विमानाचे तिकीट काढायचे नाही, असे त्यांनी स्वतःच सुचवले.

पुढून तिसऱ्या जागी कोण, यावर मात्र काल बरीच चर्चा झाली. सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या, पण मुंब्रादेवीच्या पायऱ्या उतरताना घड्याळ लावून पाहिले, तर सर्वांत सावकाश उतरणारे अण्णा निघाले. चढाला पुढे पळणारा हा माणूस उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवतो, हे आठ वर्षांत आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण उतरताना आम्ही सगळे त्यांच्या पुढे असायचो. येत्या रविवारपासून ते तिसऱ्या जागी चालणार आहेत. जिनशानलिंगच्या दोन्ही दारांची नावे चिनी लिपीत छापलेली कार्डे १४ जणांसाठी करून घेण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे.